गोल काळे करायचे दिवस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या लेकरांचे फॉर्म भरणं. रविवार होता. सकाळचे डबे पोचवून झाले होते. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत सुमननं सतरंजी टाकली, मधे मी फॉर्मांचा गठ्ठा ठेवला आणि आम्ही नवरा-बायको दोन बाजूंना मांडी घालून बसलो. तिच्या हातात एक काळं पेन, माझ्या हातात एक. फॉर्मवर बारीक बारीक गोल होते. प्रत्येक प्रश्नापुढं चार, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. त्यातला एक पूर्ण काळा करायचा, कड सोडायची नाही, कडेच्या बाहेर जायचं नाही, कारण ते मशीन वाचणार होतं. कॉलेजातल्या पोरापोरींचं अभ्यासात मन किती आहे, कॉलेजात त्यांचा जीव किती रमतो, हे त्या गोलांवरून मोजायचं होतं. मोजणारं मशीन पुण्यात का कुठंतरी होतं. गोल काळे करणारे आम्ही. मी सातवी शिकलेला, सुमन दुसरीतून शाळा सोडलेली.

परवा तेच दिवस परत आले. संक्रांत सरली की आमच्याकडं थंडी कुणाला न सांगता निघून जाते. कडुलिंबाची पानं पिवळी होऊन सगळ्या आवारात पडतात, सकाळी झाडून काढली तरी दुपारपर्यंत परत तेवढीच. सायकल स्टँडमागं एकच पळस आहे, तो पेटतो. घरी नळाचं पाणी आठ दिवसांवरून दहा दिवसांवर जातं. आणि कॉलेजात कमिटी येणार, कमिटी येणार, असं सुरू होतं. भिंतींना रंग लागतो, बंद पडलेली घड्याळं चालू होतात. लोकांना हे परीक्षेचे दिवस वाटतात. मला फॉर्मांचे वाटतात. यंदा कागद नाही. पोरांच्या मोबाईलवर लिंक पाठवलीय म्हणे, नुसतं अंगठ्यानं दाबायचं. मी अभ्यासिकेच्या दारात स्टुलावर बसून बघत होतो. एक पोरगा चालता चालता दाबत आला. फाटकापासून जिन्यापर्यंत यायच्या आत त्याचं मन मोजून झालं होतं.

मी या कॉलेजात शिपाई होतो. जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं. नाव लिहीत नाही, नाव घेऊन कुणाचं काय भलं होणार आहे. रिटायर झालो तेव्हा त्यांनीच मला अभ्यासिकेचं कुलूप काढायला आणि लावायला ठेवून घेतलं. मला शिक्षण कमी, पण शिकणारी माणसं मी लई पाहिली. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत अभ्यासिकेत जागा धरायला पोरं सकाळी वह्या टाकून जायची, त्यावरून भांडणं व्हायची, मी सोडवायचो. एकदा दोघांनी एकमेकांच्या शर्टाची बटनं तोडली होती, खिडकीजवळच्या एका खुर्चीसाठी. ते भांडण आता मला देवासारखं वाटतं. आता खुर्च्या तशाच आहेत, खिडकी तशीच आहे. पोरं नाहीत. पंखा मी माझ्यासाठी लावतो.

पोरं वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. कुणी वाळूजला कंपनीत शिफ्ट करतं, कुणी भरतीसाठी पहाटे पळतं आणि दुपारी झोपतं, कुणी गावाकडं असतं आणि परीक्षेपुरतं उगवतं. नाव कॉलेजात, पोरगं भलतीकडं. वर्गात बाक मोकळे. मोकळ्या बाकांना शिकवायला सरांना तरी हुरूप कुठून येणार. सर येत नाहीत म्हणून पोरं येत नाहीत आणि पोरं येत नाहीत म्हणून सर येत नाहीत. हे कुठून सुरू झालं ते मला विचारू नका. मी फक्त दारं उघडली आणि लावली.

गेल्या वर्षी फॉर्मांचं काम जाधव मॅडमकडं होतं. तरुण बाई, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास मिळतील तेवढीच नोकरी, पुढच्या वर्षी घेतील का नाही ते कुणी सांगायचं नाही. त्यांनी नावांची यादी आणि फॉर्मांचे गठ्ठे माझ्या टेबलावर ठेवले. प्रत्येक फॉर्मवर नाव आणि रोल नंबर घालायचा होता. म्हणाल्या, "काका, तुम्हाला सगळी ओळखतात. फाटकावर उभं राहून भरून घ्या. तीनशेच्या वर आहेत. सोमवारी सकाळी द्यायचेत." मी म्हटलं, पोरंच नाहीत तर भरून घेऊ कुणाकडून? त्या खिडकीकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे झालं नाही तर मला परत बोलावणार नाहीत, काका. बघा काय होतं ते." खोटं करा असं त्यांनी मला सांगितलं नाही. ते मी माझ्या अकलेनं केलं.

आठ दिवस फाटकावर उभा राहिलो.

"काका, सेकंड शिफ्ट आहे, जाऊ द्या."

"पाच मिनिटांचं काम आहे रे बाबा."

"काका, याला मार्क आहेत का?"

"नाहीत."

"मग सर्टिफिकेट?"

"तेही नाही."

"मग तुम्हीच भरून टाका ना यार. आमच्याकडून नेहमी टाका, एकदम टकाटक!"

तो गाडीला किक मारून गेला. उन्हात उभं राहून माझी टाळू तापली होती. आठ दिवसांत वीसेक फॉर्म भरून आले, त्यातल्या एकावर कुणीतरी सगळे गोल जोडून बदक काढलं होतं. शनिवारी संध्याकाळी बाकीचे कोरे फॉर्म, यादी आणि दोन पेनं पिशवीत घालून मी सायकलवर घरी आणली. सुमनला म्हटलं, उद्या तुझी मदत लागंल.

सुमनला आधी गंमत वाटली. मी प्रश्न वाचायचो, ती उत्तर द्यायची. पहिलाच प्रश्न होता, वर्गात तुम्ही स्वतःहून प्रश्न विचारता का? कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.

"आता गं बया," ती म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, तुमी तरी मला कधी काय इचारलं का?"

"विचारलं की. रोज विचारतो, भाजी काय केली म्हणून."

"मंग तुमचा गोल कधीकधीचा."

"रोज विचारतो तर कधीकधी कसा?"

"भाजीचा इचारता. माज्या जिवाचा कुठं इचारता?"

हसलो आम्ही. ती तोंडाला पदर लावून हसायची, दात पडल्यापासून. पुढं प्रश्न होते, शिक्षकांशी वर्गाबाहेर बोलता का, आपल्यापेक्षा वेगळ्या घरच्या मुलांशी चर्चा करता का, आठवड्याला वाचनालयात किती तास बसता. शेवटचा होता, कॉलेजला आपली काळजी आहे असं तुम्हाला वाटतं का? सुमननं पेन खाली ठेवलं. "हे कुनाला इचारायलेत? लेकराला का कॉलेजला?" मी म्हटलं, लेकराला. ती म्हणाली, "लेकराला काय ठावं. कॉलेजला इचारा म्हनावं, तुला हाये का काळजी."

काय भरायचं ते मात्र तिनंच ठरवलं. मी म्हणत होतो, थोडं थोडं सगळीकडं टाकू, म्हणजे खरं वाटंल. ती ऐकेना. "कुनाच्या लेकराच्या नावापुढं कधीच नाय असं लिवायचं पाप मी नाय करायची. त्यायच्या मायबापानं कोन्या आशेनं धाडलं आसंल." म्हणून सगळ्यांना नेहमी. प्रश्न विचारतात, नेहमी. वाचनालयात बसतात, नेहमी. कधी न पाहिलेल्या पोरांवर ती असे चांगले गोल ओवाळून टाकत होती, आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात वर नाव घालत होतो. आमच्यासारखी माणसं खोटेपणा करतात तो असा करतात. दुसरा कुणी शहाणा असता तर त्यानं मिसळून भरलं असतं. आम्ही माया केली.

सुमनचं स्वतःचं मोजमाप निराळं होतं. ती चौदा पोरापोरींना डबे द्यायची. सकाळी मी कॉलेजला जाताना सायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवून पोचवायचो, संध्याकाळी रिकामे आणायचो. ते रिकामे डबे ती ओट्यावर ओळीनं मांडायची आणि झाकणं उघडून बघायची. मी तिला म्हणायचो, डॉक्टर आली तपासायला. भाजी संपली आणि पोळ्या उरल्या, तर पोरगं बाहेर वडापाव खाऊन आलंय. पोळ्या संपल्या आणि भाजी तशीच, तर घरून लोणचं आलंय. सगळं चाटूनपुसून असलं तर परीक्षा लांब आहे. वरण उरायला लागलं की परीक्षा आली. पोळीचे तुकडे करून नुसते चिवडलेले असले, की ती म्हणायची, "ह्याचं मन नाय कशात." आणि दुसऱ्या दिवशी त्या डब्यात गुळाचा खडा टाकायची. तिचं क्वचितच चुकायचं. चार गोलांत जे मावत नाही ते तिला उरलेल्या पोळीत दिसायचं.

त्या चौदातला एक डबा सोनालीचा. पाचोडकडच्या एका खेड्यातली, वडलांची मोसंबीची बाग. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तीन पोरींबरोबर कॉट बेसिसवर राहायची. बारकी, सावळी, दोन्ही हातांनी पुस्तक धरायची, पडंल म्हणून जणू. डबा धुऊन, फडक्यानं कोरडा करून परत द्यायची. चौदांत तेवढीच. सुमनला त्याचं लई कौतुक. "हिला सासू मिळंल ती नशीबवान," म्हणायची. मी एकदा हे सोनालीला सांगितलं तर ती म्हणाली, "काका, मावशींना सांगा, मला एमएस्सी करायचंय. सासूला थांबायला सांगा." सुमननं ते चारचौघींना सांगितलं.

ती रोज कॉलेजात यायची. मला ठाऊक आहे, कारण अभ्यासिकेत दुसरं कुणी नसायचं. दिवाळीनंतर एक दिवस ती दुपारीच येऊन बसली. मी विचारलं, तास नाही का?

"होता, काका."

"मग?"

"मी एकटीच असते वर्गात. सर दारापर्यंत येतात, मला एकटीला बघतात, म्हणतात, उद्या घेऊ. उद्या परत मी एकटीच."

"मग सरांना म्हणायचं ना, मला एकटीला शिकवा."

"लाज वाटते, काका. माझ्या एकटीसाठी कशाला त्रास."

मी म्हटलं, बस तू, पंखा लावतो. ती पुस्तक उघडून बसली. तासभरानं बघितलं तर पान तेच होतं. मग ती एक दिवसाआड यायला लागली. मग आठवड्यातून एकदा. माणूस कॉलेज सोडतो तो फाटक आपटून सोडत नाही, एवढं मी तीस वर्षांत शिकलो. नदी आटते तसं असतं ते. काल पाणी होतं, आज ओल आहे, आणि नेमकं कधी गेलं ते काठावरच्यालाही सांगता येत नाही.

सुमनला ते डब्यावरून कळलं. आधी डबा न धुता यायला लागला. मग अर्धा. त्या फॉर्मांच्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस भरलेला डबा तसाच परत आला, गुळाच्या खड्यासकट. शनिवारी सुमननं झाकण उघडलं आणि ओट्याशी उभीच राहिली. "पोरगी जेवंना झाली," म्हणाली. "तुमी बोला की तिच्याशी." मी म्हटलं, एवढे फॉर्म होऊ दे, मग बघू.

आणि रविवारी यादीत तिचं नाव आलं. उन्हं दारातून सतरंजीवर आली होती. मी सवयीनं वर नाव आणि रोल नंबर घातला, फॉर्म सुमनकडं सरकवला आणि म्हटलं, घे, तुझी सोनाली. तिनं फॉर्म हातात घेतला आणि विचारलं, "हे भरल्यावर काय करतेत?"

मी तिला मॅडमनी सांगितलेलं सांगितलं. मशीन सगळे वाचतं. ज्याचे कधीच नाही असे गोल फार झाले, त्याचा फॉर्म बाजूला निघतो. मग कॉलेजला त्या पोराला बोलवावं लागतं, समोर बसवून विचारावं लागतं, काय अडचण आहे बाबा तुझी. नियमच आहे तसा.

"मंग हिचं खरं लिवा."

"येडी झाली का तू?"

"खरं लिवा. कोनी बोलवंल तिला. कोनी इचारंल तर."

"अगं, सगळ्यांचे नेहमी आणि एकीचाच असा. तिला बोलावलं आणि ती म्हणाली, मी फॉर्म भरलाच नाही, तर? सगळंच उघडं पडंल. मॅडमची नोकरी जाईल. मला हाकलतील."

"हाकलू द्या. म्हातारे झालात, कुठवर कुलपं लावता."

"उद्या मी स्वतः बोलतो तिच्याशी, मग तर झालं?"

"तुमी बोलून काय व्हनार? पंखा लावनार." ती चिडली नव्हती, नुसतं सांगत होती. "साहेबानं बोलवलं, बाईनं बोलवलं, मंजी तिला वाटंल मी हाये. मी एकटी आले तरी मोजलं कोनी."

आणि तिनं माझ्या हाताकडं न बघता स्वतःच गोल काळे करायला घेतले. पहिला गोल, कधीच नाही. दुसरा, कधीच नाही. एका ओळीत खालपर्यंत. बाकीच्यांचे गोल ती हलक्या हातानं करत होती. हे मात्र दाबून केले, पेन कागदापार उमटलं. शेवटच्या प्रश्नाचा, काळजीचा, गोलही तिनं तसाच केला. फॉर्म उलटा करून गठ्ठ्यात घातला आणि वर हात ठेवला, मी काढीन म्हणून. मी म्हटलं, बरं बाई, राहू दे. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

नंतर म्हणाली, पाठ भरून आली. मी म्हटलं, एवढा वेळ वाकून बसलीस, येणारच. ती तिथंच, सतरंजीच्या कडेला, हाताची उशी करून आडवी झाली. चिकलठाण्याहून उठलेलं विमान घरावरून गेलं तेव्हा ती म्हणाली, "गेलं बगा बाराचं." त्याच्यापुढं काही बोलली नाही. मला वाटलं डोळा लागला. मी फॉर्म भरत राहिलो. वाजायला नको म्हणून कागद हळू उलटत होतो. नाव, रोल नंबर, नेहमी, नेहमी. चहा विचारायला हात लावला, तेव्हा हात गार होता.

तेवढ्या वेळात मी अकरा फॉर्म भरले होते. नंतर मोजले. का मोजले ते सांगता येत नाही.

लोक म्हणतात, भाग्याची गेली, हालअपेष्टा नाहीत, नवऱ्याशेजारी गेली. मी मान डोलवतो. नवऱ्याशेजारी गेली हे खरं आहे. नवऱ्याचं लक्ष कुठं होतं ते कुणी विचारत नाही. लेक मंगल जालन्याला दिलेली आहे, ती चल म्हणते. मी जात नाही. सकाळी एक भाकरी थापतो, ती गोल होत नाही. दुपारी कुलूप काढून बसतो. अभ्यासिकेत आता भिंतीला रंगीत तक्ता लावलाय, गेल्या वर्षीच्या फॉर्मांचा. चार रंगांच्या पट्ट्या काढायची सोय आहे, पण त्यात ‘नेहमी’ची हिरवी पट्टी आकाशाला गेलेली आणि बाकीच्या जमिनीलाच चिकटलेल्या. खाली लिहिलंय, आमच्या विद्यार्थ्यांचा उत्साही सहभाग. कमिटीचे साहेब त्याच्यापुढं उभे राहून वा वा म्हणाले होते. जाधव मॅडमना पुढच्या वर्षी घेतलं नाहीच. कारण कुणी सांगितलं नाही. जाताना त्या माझ्याकडं आल्या, तक्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "येते काका." त्यांना कळलं होतं का नाही, कुणास ठाऊक.

सगळ्यात वाईट काय, तर तक्ता सुमनचा आहे. त्या हिरव्या पट्टीतले अर्धे गोल तिच्या हातचे. लोक फोटो लावतात. मी त्या पट्टीसमोर बसतो. आणि मला तिच्यात सुमनची काही खूण सापडत नाही.

सोनाली मला भेटली. दोन महिन्यांपूर्वी बिडकीनला सुमनच्या भावाकडं गेलो होतो, परतीला फाट्यावर एसटीची वाट बघत उभा. कंपनीची बस थांबली, एकसारखे निळे कोट घातलेल्या पोरी उतरल्या. त्यातल्या एकीनं हाक मारली, "काका!" मी ओळखलं नाही. केस टोपीत होते. जवळ आली तेव्हा हातावरून ओळखलं, डब्याची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

"इथं कुठं गं?"

"पॅकिंगला आहे काका. गेल्या वर्षीच लागले. आत्याकडं राहते."

"आणि बीएस्सी?"

"राहिलं." हसली. "तुम्हाला न सांगताच खोली सोडली मी. डबे तसेच परत पाठवले ना, त्याच्या पुढच्याच सोमवारी वडील घ्यायला येणार होते. मी म्हटलं, थांबा, गुरुवारपर्यंत थांबा. मला आपलं वाटायचं, एवढे दिवस गेले नाही तर कॉलेजातून कुणाचा तरी फोन येईल. सोनाली का येत नाही म्हणून. फोन आला असता ना काका, तर मी वडलांना म्हणणार होते, बघा, माझ्यावाचून अडलंय तिथं." परत हसली. "गुरुवारी संध्याकाळी मग गेलो आम्ही."

मी रस्त्याकडं बघत राहिलो. ट्रक जात होते.

"मावशी कशा आहेत?" तिनं विचारलं.

सोमवारपासून डबा बंद झाला तो आपण जेवत नाही म्हणून, असंच तिला वाटलं असणार. तिनं त्याच आठवड्यात शहर सोडलं, तिला कुणी सांगणार? मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "बरी आहे."

"त्यांना सांगा, डबा न जेवता परत पाठवायचे, त्याचं मला लई वाईट वाटतं. गुळाचा खडा टाकायच्या त्या."

"सांगतो," मी म्हटलं. माझी एसटी आली. खिडकीतून बघितलं तर ती अजून हात हलवत होती.

आता राहिलं ते सांगून टाकतो. वर्षभर पोटात आहे, मंगललाही सांगितलेलं नाही.

सुमनला रविवारी दिवस मावळायच्या आत नेली. सोमवारी मला उजाडताच जाग आली. घर बायकांनी भरलेलं. मंगल रडून रडून भिंतीला टेकून झोपली होती. गठ्ठा कुणीतरी उचलून कोपऱ्यात, पिठाच्या डब्यावर ठेवला होता. मी तो घेतला आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. म्हातारा काहीतरी करतोय म्हणाले असतील. राहिलेले फॉर्म भरले. मग सोनालीचा काढला. डोक्यात एकच होतं, तिला बोलावतील, ती खरं बोलेल, सगळं उघडं पडेल आणि कॉलेजचं दार बंद होईल. घरात आता कुणी नव्हतं. तेही दार बंद झालं तर सकाळी उठून मी जाऊ कुठं? एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही. मी एक कोरा फॉर्म घेतला, वर सोनालीचं नाव घातलं, रोल नंबर घातला, आणि वरपासून खालपर्यंत सगळे गोल नेहमीचे काळे केले. बाहेर पाहुण्यांच्या आंघोळीसाठी बंब पेटवला होता. सुमनच्या हातचा फॉर्म मी त्यात घातला.

मंगल जागी झाली. "आण्णा, कुठं निघालात?"

"कॉलेजात. आजच द्यायचेत."

"आज? अवो, सुतक आहे घरात. लोक काय म्हणतील?"

मी सायकल काढली. मॅडम माझी वाट बघत उभ्या होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. त्यांनी गठ्ठा दोन्ही हातांत घेतला, वरवर चाळला आणि विचारलं, "एखादा वेगळा आहे का, काका? बाजूला काढावा असा?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. सगळे सारखे आहेत."